निर्माते निघून जातात तेव्हा

लखनौ शहर मागे टाकून कानपूरच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात अमौसी येते. बहुतेकांना हे नाव विमानतळामुळे ठाऊक असते. मला मात्र ते त्याच्या कितीतरी आधी, धुळ्यास शाळेत असताना, एका स्कूटरमुळे ठाऊक झाले. आमच्या वडिलांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘विजय सुपर’ स्कूटर घेतली होती. रविवारी सकाळी ती पुसण्याचे काम माझ्याकडे असे, आणि ती कोठे तयार झाली हे वडील मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगत असत. स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना अमौसीच्या विमानतळानजीक, सरोजिनीनगरात होता. पुढे सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी लखनौस आलो आणि लहानपणी ऐकलेल्या त्या कारखान्याच्या दारावरून माझे नित्य जाणे-येणे सुरू झाले.

२०१६ च्या नोव्हेंबरच्या आरंभी असाच एकदा अमौसीच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट पाहत बसलो होतो. बाहेर धुके होते, विमानास उशीर होता. हातातील वृत्तपत्रात, क्रीडापृष्ठाच्या तळाशी, चार-सहा ओळींची एक बातमी होती. जर्मनीच्या फोक्सवागन कंपनीने जागतिक मोटार रॅलीतून अंग काढून घेतले होते. २०१३ पासून २०१६ पर्यंत सलग चार वर्षे जगज्जेतेपद मिळविणारी ही कंपनी. परंतु आदल्याच वर्षी तिच्या डिझेल गाड्यांच्या धुराचे प्रकरण उघडकीस आले होते, आणि त्यापायी दंडाचे व नुकसानभरपाईचे फार मोठे ओझे तिच्या डोक्यावर येऊन पडले होते. पुढील वर्षासाठी घडविलेली तिची नवी गाडी तयार होती. ती कारखान्याच्या नावाने एकाही स्पर्धेत उतरली नाही.

हरल्यामुळे मैदान सोडणे समजू शकते. पण जिंकता जिंकता सोडणे? आणि असे सोडून जाणारी ही पहिली कंपनी नव्हती. मग ज्या खेळाचे मोठे आधारस्तंभ असे एका पत्रकानिशी निघून जातात, तो खेळ उभा तरी कशाच्या बळावर राहतो? त्या सकाळी मला हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शेजारच्या कारखान्याच्या इतिहासातच बरेचसे दडलेले आहे हे पुढे हळूहळू ध्यानात आले. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

रॅली म्हणजे मोटारींची शर्यत असे आपण ढोबळपणे म्हणतो. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. शर्यत बंदिस्त वर्तुळात होते, रॅली रस्त्यावर होते. गावे, घाट, जंगल, बर्फ, चिखल यांतून जाणारा नेहमीचाच रस्ता काही तासांसाठी बंद करावयाचा, आणि एकेका गाडीने काही मिनिटांच्या अंतराने सुटून तो कमीत कमी वेळात पार करावयाचा. चालकाच्या शेजारी सहचालक बसलेला असतो. पुढचे वळण किती तीव्र, चढ कोठे संपतो, पुलावर खडी आहे की नाही, हे तो आपल्या वहीतील टिपणांवरून मोठ्याने वाचून सांगत असतो. पुष्कळ ठिकाणी प्रेक्षकाला तिकीट काढावे लागत नाही. तो बांधावर उभा राहून पाहतो. आणि जी गाडी समोरून धूळ उडवीत जाते ती दिसावयास त्याच्या दारातील गाडीसारखीच असते. या खेळाचे सारे आकर्षण, आणि कारखानदारांना त्यात वाटणारा रसही, या साम्यात आहे.

आमच्या वडिलांनी असा एक खेळ धुळ्याच्या वेशीवर पाहिला होता. १९६८ च्या डिसेंबरच्या आरंभीची गोष्ट. लंडनहून सिडनीला निघालेल्या मोटारी मुंबई-आग्रा रस्त्याने मुंबईकडे चालल्या होत्या. वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते. गावातील पोरे थंडीत कांबळी पांघरून रात्रभर रस्त्याच्या कडेला बसली होती, आणि एखादा दिवा दूरवर दिसला की सारे उठून उभे राहत, असे ते सांगत. त्यातील निम्मे दिवे मालट्रकांचे निघत!

ही स्पर्धा लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’ने सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या साहाय्याने भरविली होती. आदल्या वर्षी पौंडाचे अवमूल्यन झाले होते. ब्रिटिश मोटारींची कीर्ती जगभर मिरवावी, देशाचे खचलेले मन थोडे उभारावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. लंडनहून ९८ मोटारी निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करीत त्यांतील ७२ मुंबईस पोहोचल्या, आणि तेथून बोटीने ऑस्ट्रेलियास गेल्या. मुंबईस पहिल्या क्रमांकावर रॉजर क्लार्क होता. त्याच्या मागे फोर्ड कंपनीचे सारे बळ उभे होते. परंतु जिंकला तो अँड्र्यू कॉवन हा स्कॉटलंडचा शेतकरी, आणि त्याची गाडी होती हिलमन हंटर, म्हणजे मध्यमवर्गीय इंग्रज गृहस्थाची साधी सरळ गाडी. सिडनीला एकंदर ५६ गाड्या पोहोचल्या.

त्या विजयी गाडीचे पुढे काय झाले, हे सांगण्यासारखे आहे. तिला बनविणारी रूट्स ही जुनी इंग्रज कंपनी अमेरिकेच्या क्रायस्लरने गिळली होती. काही वर्षांतच हिलमन हे नावही बाजारातून गेले. पण तीच गाडी इराणात ‘पैकान’ या नावाने तयार होत होती, आणि ती २००५ पर्यंत होत राहिली. जिने जगाचा प्रवास जिंकला ती आपल्या मायदेशात विसरली गेली आणि ज्या देशातून ती स्पर्धेत धूळ खात गेली त्या देशात तिचे आयुष्य सरले. हे उदाहरण ध्यानात ठेवावे. अमौसीची कथा याच जातीची आहे.

रॅलीचा इतिहास तसा १९११ च्या माँटे कार्लोपर्यंत मागे नेता येतो. परंतु कारखान्यांची जागतिक स्पर्धा म्हणून तिला रूप आले ते १९७३ मध्ये. ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे की, पहिली सहा वर्षे या स्पर्धेत अजिंक्यपद होते ते केवळ निर्मात्यांचे. चालकाला जगज्जेता म्हणून गौरविण्याची प्रथा १९७९ मध्ये पडली. म्हणजे खेळाडूच्या आधी कारखान्याची गणना झाली! खेळाच्या पायातच अशी गोष्ट घातलेली असली म्हणजे तिचे परिणाम पुढे भोगावे लागतात.

कारखान्यांनी यावे म्हणून नियमही तसेच केले गेले. जी गाडी रॅलीत उतरवावयाची तिच्यासारख्या अमुक इतक्या गाड्या तयार केल्या पाहिजेत, अशी अट असे. ‘अ’ गटासाठी ती संख्या ५,००० होती. १९८२ पासून जो ‘ब’ गट सुरू झाला त्यासाठी मात्र अवघ्या २०० गाड्यांवर भागत असे. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. रस्त्यावर तो प्राणघातक ठरला. दोनशेच गाड्या करावयाच्या म्हटल्यावर लोकांना विकण्याजोगी गाडी करण्याचे बंधन उरले नाही. हलका सांगाडा आणि त्यात प्रचंड शक्तीचे यंत्र, अशा गाड्या निघाल्या. औडी कंपनीने चारही चाकांना शक्ती पुरविणारी क्वात्रो आणून रॅलीचे शास्त्रच बदलले, आणि त्याच गाडीत मिशेल मूतों या फ्रेंच स्त्रीने १९८१ मध्ये सान रेमोची रॅली जिंकली. परंतु ते ‘ब’ गट सुरू होण्यापूर्वीचे. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालात एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि तीन माणसे मरण पावली. दोन महिन्यांच्या आत, २ मे रोजी, कॉर्सिका बेटावर लान्चियाचा चालक हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो दरीत कोसळून जळाले. वर्षाअखेर ‘ब’ गट बंद झाला. औडीने तर पोर्तुगालच्या अपघातानंतरच माघार घेतली होती.

निर्मात्यांच्या जाण्याचा एक प्रकार असा. दुसरा प्रकार लान्चियाचा. इटलीतील या कंपनीने निर्मात्यांची दहा जगज्जेतेपदे मिळविली, त्यांतील सहा तर १९८७ ते १९९२ अशी ओळीने. शेवटच्या वर्षी कंपनीने अधिकृतपणे हात काढून घेतला होता. गाड्या एक खाजगी संघ चालवीत होता, आणि तरीही पद मिळाले. पुढे गाड्या थकल्या, नवी गाडी कोणी दिली नाही, आणि ते नाव कित्येक वर्षांसाठी रॅलीतून पुसले गेले. तिसरा प्रकार मंदीचा. २००५ च्या अखेरीस मित्सुबिशी आणि स्कोडा गेल्या. २००८ च्या डिसेंबरात जगाच्या बाजारावर संकट आले तेव्हा सुझुकी आणि सुबारू या दोन्ही जपानी कंपन्यांनी एकाच आठवड्यात निरोप घेतला. २०१९ मध्ये सित्रोएन गेली. तिच्या गाडीत सेबास्त्यँ लोएब नऊ वेळा जगज्जेता झाला होता, परंतु त्या वर्षी तिचा प्रमुख चालक दुसरीकडे जाण्यास निघाला आणि कंपनीने दुकानच आवरले. यानंतर जागतिक रॅलीच्या सर्वोच्च श्रेणीत तीनच नावे उरली : टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्ड.

यांतील फोर्ड हे नाव थोडे फसवे आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. फोर्ड कंपनीने २०१२ च्या अखेरीस अधिकृत माघार घेतली. तिच्या गाड्या घडवीत असे ती एम-स्पोर्ट नावाची संस्था. इंग्लंडच्या उत्तरेस, कंब्रिया परगण्यातील एका जुन्या वाड्याच्या आवारात तिची कार्यशाळा आहे. तिचा प्रमुख माल्कम विल्सन हा स्वतः रॅलीचा चालक होता. मोठा धनी गेल्यावर त्याने कार्यशाळा मिटली नाही. गाड्या बनवून त्या देशोदेशींच्या हौशी व होतकरू चालकांना विकावयाच्या, त्यांचे सुटे भाग पुरवावयाचे, आणि त्या मिळकतीवर आपला संघ चालवावयाचा, असा त्याने प्रपंच मांडला. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, या कार्यशाळेने चालकाचे आणि निर्मात्याचे अशी दोन्ही जगज्जेतेपदे जिंकली. ज्या वर्षी फोक्सवागनसारखी बलाढ्य कंपनी मैदानात नव्हती, त्या वर्षी तिचाच माजी चालक सेबास्त्यँ ओझिए या कार्यशाळेच्या गाडीत बसून जिंकला.

येथे आता अमौसीकडे वळतो. मोटारीच्या गोष्टीतून एकदम स्कूटरकडे जाणे श्रोत्यांस विचित्र वाटेल. परंतु निर्माता गेल्यावर मागे काय उरते हे पाहावयास आपल्या देशात याहून उघडे उदाहरण मला ठाऊक नाही.

इटलीत मिलानच्या लाम्ब्राते या उपनगरात फेर्दिनांदो इनोचेन्ती या उद्योजकाचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कंगाल झालेल्या देशाला स्वस्त वाहन हवे होते. १९४७ मध्ये तेथून नळीच्या सांगाड्यावर उभारलेली स्कूटर बाहेर पडली, तीच लॅम्ब्रेटा. तिची स्पर्धा पियाज्जो कंपनीच्या व्हेस्पाशी. आपली गाडी सरस हे ग्राहकाला पटवून द्यावयाचे तर वेगाचे विक्रम केले पाहिजेत, असे दोघांनाही वाटे. १९५१ च्या ऑगस्टमध्ये रोमोलो फेर्री याने जर्मनीतील म्युनिक-इंगोलश्टाट रस्त्यावर खास बांधलेली, माशाच्या आकाराची लॅम्ब्रेटा ताशी २०१ किलोमीटर वेगाने पळविली. यंत्र होते केवळ १२५ घनसेंटिमीटरचे. त्यानंतर ही चढाओढ थांबली. दोन्ही कंपन्यांचा माल हातोहात खपत होता. विक्रमांची गरज उरली नव्हती. कारखाना बाजूला झाला, परंतु स्वारांची हौस थांबली नाही. त्यांनी मंडळे काढली, लांब पल्ल्याच्या स्कूटर रॅल्या भरविल्या. १९५७ पासून आयल ऑफ मॅन बेटावर भरू लागलेली स्कूटर रॅली त्यांपैकीच.

आपल्याकडे लॅम्ब्रेटा आली ती पन्नासच्या दशकात. मुंबईच्या भांडुपास ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी तिची जुळणी करू लागली, आणि साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीस बजाज यांनी पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा काढली. मराठी कुटुंबांत स्कूटरचे दोन पंथच होते म्हणा ना! १९७१ च्या सुमारास या दोन्ही पंथांचे इटालियन गुरू एकाच वेळी दूर झाले. पियाज्जोचा परवाना संपला आणि बजाज यांनी ‘चेतक’ काढली. तिकडे इनोचेन्तीने स्कूटर काढणेच बंद केले. लोक आता मोटारी घेऊ लागले होते. त्या वेळी भारत सरकारने एक विलक्षण खरेदी केली. नुसता परवाना नव्हे, तर यंत्रसामग्री, आराखडे, कागदपत्रे आणि नावाचा हक्क, असा सारा कारखानाच विकत घेतला. १९७२ मध्ये स्कूटर्स इंडियाची स्थापना झाली, आणि लाम्ब्रातेची यंत्रे अमौसीजवळ उभी राहिली. १९७५ पासून तेथे उत्पादन सुरू झाले : देशासाठी ‘विजय सुपर’ आणि परदेशासाठी लॅम्ब्रेटा.

‘परदेशासाठी लॅम्ब्रेटा’ या दोन शब्दांचा अर्थ मला फार उशिरा उमगला. इंग्लंडात आणि इटलीत लॅम्ब्रेटावर जीव टाकणारे हजारो स्वार होते. त्यांची कंपनी गेली होती. त्यांची वाहने त्याच दिवशी भंगारात निघावयाची. कारण वाहन मरते ते कारखान्याच्या दाराला कुलूप लागल्यामुळे नव्हे, तर दट्ट्या, गॅस्केट आणि गियरची तार मिळेनाशी होते म्हणून. त्यांना हे सारे मिळत राहिले ते लखनौहून. ज्या स्कूटरीला इटलीने टाकले तिचे सुटे भाग उत्तर प्रदेशातील कामगार घडवीत होते, आणि त्यांवर इंग्लंडातील स्कूटर मंडळांच्या रॅल्या चालत होत्या. शिलाई-टाक्याचे हिशेब पाहणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी माणसाला यात मौज वाटते ती अशी की, देशातील बाजारात हा कारखाना पुढे मागेच पडत गेला. १९९७ मध्ये तेथील दुचाकींचे उत्पादन थांबले आणि ‘विक्रम’ या तीनचाकीवर कारखाना तग धरून राहिला. तोट्याचा उद्योग म्हणून त्याची चर्चा संसदेत आणि मंत्रालयांत वर्षानुवर्षे झाली. २०२१ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करण्यास मान्यता दिली, आणि लॅम्ब्रेटा, विजय सुपर, विक्रम ही नावे वेगळी विकण्याचे ठरविले. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. जनतेच्या पैशाने किती काळ तोटा भरावयाचा हा प्रश्न खराच होता. परंतु ताळेबंदात जे कधी मांडले गेले नाही असे काही काम या कारखान्याने पंचवीस-तीस वर्षे केले होते, एवढे नोंदविले पाहिजे.

एम-स्पोर्टची कार्यशाळा आणि अमौसीचा कारखाना ही दोन टोके शेजारी ठेवून पाहिली की माझ्या त्या सकाळच्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो. मोठा निर्माता खेळात येतो तो गाड्या खपविण्यासाठी. त्यात गैर काही नाही. खपासाठी आलेला खपासाठीच जाणार. आराखडे आणि सुटे भाग त्याच्याबरोबर कुलूपबंद झाले तर खेळ संपतो. ते दुसऱ्या कोणाच्या हाती, मग तो हात कितीही लहान असो, उरले तर खेळ चालतो. गेल्या पंचवीस वर्षांत जागतिक रॅलीने नेमके हेच विसरण्याचा मार्ग धरला. १९९७ पासूनच्या नियमांनी स्पर्धेची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांतील नाते सैल केले. २०२२ मध्ये तर विजेची जोड असलेल्या, नळ्यांच्या स्वतंत्र सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या आल्या. वरचे कवच तेवढे ओळखीचे. अशी एकेक गाडी दहा लाख युरोच्या घरात जाते असे म्हणतात. ती कोणता गॅरेजवाला बांधणार? तीनच निर्माते उरले याचे नवल नाही; तीन उरले याचेच नवल.

उशिरा का होईना, चूक ध्यानात आलेली दिसते. विजेची ती जोड २०२५ पासून काढून टाकण्यात आली. २०२४ च्या डिसेंबरात जागतिक मोटार महासंघाने २०२७ पासूनचे नवे नियम संमत केले. गाडीची किंमत ३,४५,००० युरोहून अधिक असता कामा नये, आणि गाडी बांधण्याचा अधिकार मोठ्या निर्मात्यांपुरता न ठेवता स्वतंत्र कार्यशाळांनाही असावा, ही त्यांतील दोन कलमे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. मोठ्या कंपन्यांना यात कितपत गोडी वाटेल याची शंका आहे. आपल्या नावाच्या गाडीला एखाद्या गॅरेजवाल्याने हरविले तर ती जाहिरात कोणाची? पण माझे मत विचाराल तर खेळाने हा धोका पत्करावा. कारखान्यांची मर्जी सांभाळण्यात पन्नास वर्षे गेली. त्यांना थोपवून धरता आले नाही ते नाहीच.

आपल्या देशात हा प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. नझीर हुसेन या मुंबईकर गृहस्थाने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली, तेव्हा परदेशी चालकही तिच्यात येत. दहा वर्षांनी ती बंद पडली. त्यानंतर भारतीय रॅलीला खरा आधार मिळाला तो मोटार कंपन्यांचा नव्हे, टायर कंपन्यांचा. एम. आर. एफ. च्या संघातून गौरव गिल हा दिल्लीचा चालक आशिया-पॅसिफिक स्पर्धेत २०१३, २०१६ आणि २०१७ असा तीनदा अजिंक्य ठरला. मोटार कंपन्या मधूनमधून आल्या, काही वर्षे राहिल्या, गेल्या. परंतु मारुतीची जिप्सी पाहा. तिचे सर्वसामान्यांसाठीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यानंतरही रॅल्यांत जिप्सी धावत राहिल्या, कारण तिचे काम जाणणारा कारागीर गावोगावी आहे. नाशिकच्या माळावर आणि मुंबई-नवी मुंबईच्या पावसात ज्या रॅल्या होत आल्या त्यांत भाग घेणारी बहुतेक मंडळी स्वतःच्या खिशातून खर्च करणारी. आठवडाभर दुकान किंवा नोकरी, आणि रविवारी चिखल. पुण्याचे संजय टकले याच वाटेने पुढे गेले, आणि २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात डाकार रॅलीच्या जुन्या गाड्यांच्या विभागात उतरले.

पण ही बाजू सांगताना दुसरी लपवू नये. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली, आणि गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघे मरण पावले. रस्ता बंद आहे हे गावकऱ्याला कोणी, कधी आणि त्याच्या भाषेत सांगितले होते काय, असा प्रश्न प्रशासनात वावरणाऱ्या माणसाच्या मनात प्रथम येतो. पोर्तुगालच्या अपघातानंतर तेहेतीस वर्षांनीही तो विचारावा लागावा, ही लाजेची गोष्ट आहे. लहान हातांकडे खेळ सोपवावयाचा तर दोर बांधणारे, शिट्टी वाजविणारे, गाडी सुटण्यापूर्वी शेवटचा माणूस रस्त्यावरून बाजूला करणारे हात पुरेसे असले पाहिजेत. कारखान्याच्या पैशाने हे थोडेफार विकत मिळते. मंडळाच्या वर्गणीतून ते कसे करावयाचे, याचे उत्तर मजपाशी तयार नाही.

त्याच डाकार रॅलीच्या दुचाकी विभागात २०२५ साली एक अजब दृश्य दिसले. ऑस्ट्रियातील मात्तिगहोफेनच्या के. टी. एम. कंपनीने २००१ पासून ही रॅली ओळीने अठरा वेळा जिंकली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. डिसेंबरात कारखान्यातील उत्पादन थांबले. आणि जानेवारीत तिचा स्वार डॅनियल सँडर्स रॅली जिंकला! कारखाना बंद, कामगार घरी, आणि नारिंगी मोटारसायकल वाळवंटात सर्वांच्या पुढे. कंपनी वाचली ती आकुर्डीच्या बजाज यांनी एकंदर ८० कोटी युरोंची तजवीज केली म्हणून. २००७ मध्ये ज्यांनी तिचा लहानसा हिस्सा घेतला होता त्यांच्याच हाती २०२५ च्या अखेरीस तिचा कारभार आला. इटालियन परवान्यावर स्कूटर काढणाऱ्या पुण्याच्या त्या कंपनीकडे आता जगातील एका थोर रॅली संघाच्या जाण्याचा किंवा राहण्याचा निर्णय आला आहे. हिशेबाची वही उघडल्यावर हे नवे धनी काय करतात, हे पाहण्यास मी उत्सुक आहे.

गेल्या हिवाळ्यात लखनौच्या लाटूश रोडवर काही कामानिमित्त गेलो होतो. यंत्रांच्या भागांची दुकाने तेथे ओळीने आहेत. एका अरुंद दुकानात, माळ्यावर, तेलकट कागदात गुंडाळलेल्या वस्तूंची रास दिसली म्हणून विचारले. दुकानदार वृद्ध होते. त्यांनी अमौसीच्या कारखान्यासाठी पूर्वी भाग पुरविले होते. विजय सुपरची क्लचची तबकडी आहे का, असे मी उगाच विचारले. आमची स्कूटर धुळ्याच्या घरी पडवीत उभी आहे. वडील गेल्यापासून ती कोणी चालविलेली नाही. त्यांनी शिडी लावली, वर जाऊन बराच वेळ शोधले, आणि एक पुडके खाली आणून फुंकर मारून माझ्यापुढे ठेवले. किंमत विचारली तर म्हणाले, किती सांगू साहेब, याची यादी छापून आता बरीच वर्षे झाली. मग त्यांनी विचारले, गाडी सुरू होते का? मी म्हटले, अजून पाहिलेले नाही. त्यांनी पुडक्यात आणखी एक गॅस्केट टाकले आणि सुतळीने ते बांधून दिले.